‘लुक फॉरवर्ड टू’नंतर ‘मीट’ की ‘मीटिंग’?

प्रश्न : मुलाखतीआधीच्या ईमेलच्या शेवटी मी ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असं लिहिलं. मैत्रिणीने ते ‘मीटिंग यू’ केलं. ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, असंच शाळेत शिकवलं होतं. मग बरोबर काय? आणि अर्थ नुसता ‘वाट पाहणे’ एवढाच का?

उत्तर : मैत्रिणीचं बरोबर आहे. शाळेतला नियम ‘वॉन्ट टू मीट’मधल्या ‘टू’चा. इथला ‘टू’ वेगळा, त्याला पुढे नाम लागतं. शंका आली की ‘टू’पुढे एखादं नाम ठेवून पाहा : ‘लुक फॉरवर्ड टू द ट्रिप’ चालतं, ‘वॉन्ट टू द ट्रिप’ चालत नाही. जिथे नाम बसतं, तिथे क्रियापदाला ‘आयएनजी’ लावायचं. ‘ऑब्जेक्ट टू’चंही तसंच.

ही चूक बहुतेकदा मनातल्या ‘भेटायला उत्सुक आहे’मुळे होते. त्याऐवजी ‘वाट पाहतोय, कशाची? भेटण्याची’ असं म्हणून बघा. हे ‘भेटणं’ म्हणजेच ‘मीटिंग’.

अर्थाकडे मात्र जास्त लक्ष द्यायला हवं, कारण आपलं ‘वाट पाहणे’ फार ऐसपैस आहे. स्टॉपवर बसची वाट पाहतो ते ‘वेट फॉर’. पाहुणे सातला येतील असं धरून चालतो ते ‘एक्स्पेक्ट’. ‘लुक फॉरवर्ड टू’मध्ये पुढे येणाऱ्या गोष्टीचा आनंद आत्तापासून असतो. ‘कधी एकदा दिवाळीला घरी जातेय असं झालंय’ यातला भाव अगदी तोच. म्हणूनच ‘आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू द एक्झाम’ म्हणजे ‘परीक्षेची वाट पाहत नाही’ असं नव्हे. परीक्षा नकोशी वाटतेय, असा त्याचा अर्थ. पत्राच्या शेवटचं ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ हा मात्र निव्वळ शिष्टाचार. तक्रारीच्या पत्रातही चालतो.

‘वेट फॉर’च्या सवयीने ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर’ लिहिलं जातं, तेही चूक. प्रश्नात ‘टू’ शेवटी जातो, पण गळत नाही : ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉरवर्ड टू?’

‘आय लुक’ औपचारिक, ‘आय ॲम लुकिंग’ जवळिकीचं. मुलाखतीच्या ईमेलला पहिलं शोभतं : ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू ऑन मंडे.’