दुसऱ्या चुलीला पहिल्या धुराड्याचा हक्क लागू होत नाही

प्रश्न : घणसोली गावठाणात आमचं तळमजला आणि वर एक मजला असं घर आहे. वरच्या स्वयंपाकघरातली चूल १९९८ पासून पेटते, तिचं धुराडं बाजूच्या बोळात निघतं. तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी वाढल्या म्हणून तळमजल्यावर दुसरी चूल बसवतोय. लोखंडी चूल आणली, पाइपसाठी बोळाकडच्या भिंतीला भोकही पाडलं. आता शेजारी तीन मजली घर झालंय आणि त्यांच्या वकिलाची नोटीस येऊन दोन महिने होत आले. वीस वर्षांच्या वर धूर सोडतोय, म्हणजे आमचा हक्क झाला ना? आणि चूल लोखंडी घ्यावी की विटांची?

उत्तर : ठाणे, नवी मुंबईच्या गावठाणांतून येणाऱ्या अशा बहुतेक पत्रांत ‘वीस वर्षं’ असतातच. १८८२ च्या ईझमेंट कायद्याचं, म्हणजे दुसऱ्याच्या मिळकतीवरच्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्याचं, कलम १५ सगळ्यांना ऐकून माहीत आहे : वीस वर्षांच्या वहिवाटीने हक्क मिळतो; पण कलम २८ कोणी उघडून बघत नाही. तुमचं प्रकरण तिथेच ठरणार आहे. हवा दूषित करण्याचा हक्क वहिवाटीने मिळालाच, तरी वहिवाट सुरू होताना जेवढं प्रदूषण होत होतं तेवढ्यापुरताच तो मिळतो, असं हे कलम सांगतं. १९९८ मध्ये घरच्या स्वयंपाकाचा जेवढा धूर बोळात जात होता, तेवढीच तुमची मर्यादा. ऑर्डरीच्या भाकऱ्यांचा धूर त्यात बसत नाही. तो दुसऱ्या चुलीतून सोडा किंवा पहिल्याच चुलीवर जास्त तास जाळ करा, उत्तर बदलत नाही.

तेवढा हक्कसुद्धा सिद्ध करावा लागेल. वहिवाट उघड, शांततेची आणि अखंड हवी, आणि ती हक्क म्हणून केलेली हवी. जुन्या शेजाऱ्यांची परवानगी घेऊन धुराडं काढलं असेल तर पायाच डळमळतो. शिवाय वीस वर्षांचा काळ दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपणारा लागतो, म्हणून रागाच्या भरात वरची चूल कायमची बंद करून बसू नका. आणि शेजारी उशिरा जागे झाले यावर फार भिस्त नको. रोजचा धूर हा चालू राहणारा उपद्रव ठरला, तर मुदत कायद्याच्या कलम २२ प्रमाणे त्यांची दावा लावायची मुदत रोज नव्याने सुरू होते.

आता त्या दोन महिन्यांबद्दल. वकिलाची नोटीस कपाटात ठेवून भिंत फोडायला घेतली, हे मला अजिबात पटलेलं नाही. उद्या शेजारी न्यायालयात गेले तर तुमचं मौन आणि ते भोक हेच त्यांचे पहिले दोन मुद्दे असतील. तुम्हाला न ऐकता तात्पुरता मनाई हुकूम झाला, तर तो उठवायला किती तारखा लागतील ते कोणताही वकील सांगू शकणार नाही. आपल्याकडे दिवाणी दावे वर्षानुवर्षं रेंगाळतात आणि तेवढा काळ तुमच्या ऑर्डरी थांबणार नाहीत. म्हणून याच आठवड्यात बेलापूरच्या दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस टिकतं, नंतर पुन्हा भरावं लागतं. नोटिशीला उत्तरही लगेच द्या. भोकाचे फोटो काढून ते बुजवा.

चूल लोखंडी की विटांची, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही, पण धूर कमी करणारी घ्या, कारण कलम २८ चं माप धुराचंच आहे. नवा पाइप जुन्या धुराड्याला मात्र जोडू नका. त्याच तोंडातून जास्त धूर निघाला म्हणजे शेजाऱ्यांना आयता पुरावा मिळेल, आणि खालच्या चुलीचा धूर व कार्बन मोनॉक्साइड वरच्या स्वयंपाकघरात उलटा शिरू शकतो. झोपलेल्या माणसाला तो वायू कळतही नाही. खालच्या चुलीला स्वतंत्र धुराडं द्या, ते आपल्याच घरातून गच्चीच्या कठड्याच्या बऱ्यापैकी वर न्या. शेजारचं घर उंच असल्याने नेमकी उंची आणि स्लॅबमधून पाइप कसा न्यायचा, हे इंजिनिअरला विचारूनच ठरवा. वरची चूल बंद करून तिच्या जागी खालची एकच ठेवायची, हा आणखी एक मार्ग. शेजाऱ्यांवरचा भार वाढत नसेल तर ईझमेंट कायद्याचं कलम २३ वहिवाटीची जागा बदलू देतं. पण ऑर्डरी वाढल्यावर भार वाढला नाही, हे पटवणं कठीण जाईल.

धंद्याची बाजू वेगळी आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ ला मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना इंधन बदलायला सहा महिने दिले होते. तो आदेश तुमच्या चुलीबद्दल नाही, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते त्यातून दिसतं. तुमचं बांधकाम गरजेपोटीचं, म्हणजे गावठाणात गरज म्हणून परवानगीशिवाय केलेलं असेल, तर शेजाऱ्यांची एक तक्रार महापालिकेला तुमच्या दारात आणू शकते. कागद पाहिल्याशिवाय याहून जास्त बोलणं बरोबर नाही.

शेजाऱ्यांशी बोलणी जरूर करा. वेळ ठरवून चूल पेटवायला ते तयार झाले तर तोंडी शब्दावर पाइप बसवू नका. करार लिहून नोंदणीकृत करून घ्या, कारण त्यांनी घर विकलं तर तोंडी कबुली नव्या मालकावर बंधनकारक राहत नाही.