बारावीनंतर अग्निवीर व्हावं का? आणि ट्रेनिंगची तयारी कशी करावी?

तू लिहिलंयस की गाव कोरेगाव तालुक्यातलं, यंदा बारावी झालीय, आई नको म्हणते, वडील म्हणतात तुझं तू बघ. वर ट्रेनिंगमध्ये टिकेन का ही धास्ती. मी मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो, आता साताऱ्यात असतो. जे अंगावर काढलं तेवढं सांगतो.

आधी आईचं. तिच्यासमोर चार वर्षांचा हिशेब मांड. 2022 पासून सैन्यात शिपायांची भरती अग्निपथ योजनेतूनच होते, त्यातून चार वर्षांसाठी घेतलेल्या शिपायाला अग्निवीर म्हणतात. चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के पोरांना कायम करतात, बाकीचे घरी. पेन्शन नाही. पहिल्या वर्षी महिना 30 हजार, त्यातले 21 हजार हातात आणि 9 हजार सेवानिधीत, म्हणजे तुझ्या नावच्या बचतीत. सरकार तेवढीच भर घालतं आणि बाहेर पडताना दहा लाखांच्या वर एकरकमी मिळतात. मी त्या 25 टक्क्यांत असणारच, असं धरून जाऊ नकोस. परत आलो तर काय करणार, हे आज आईला सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर फॉर्म भरायची घाई करू नकोस.

आता ट्रेनिंग. आपल्याकडच्या अकॅडम्या पोरांना भरतीसाठी तयार करतात: 1600 मीटर साडेपाच मिनिटांत, दहा बीम (पुल-अप), नऊ फुटी खड्ड्यावरून उडी. ते लागतंच. पण भरती एका सकाळी संपते, रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये मात्र महिनोन्‌महिने रोज पळायचं असतं. माझी चूक इथेच झाली. भरतीआधी तीन महिने मी रोज डांबरी रस्त्यावर, पातळ तळव्याच्या कॅनव्हास बुटांत जीव तोडून पळालो. बेळगावच्या आमच्या सेंटरला सहाव्या आठवड्यात उजव्या नडगीत कळ येऊ लागली. उस्तादांना, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांना, कळलं तर मागे टाकतील म्हणून लपवलं. एका पहाटे फॉलिनला, म्हणजे रांगेत उभं राहताना, पाय टेकवेना. एक्स-रेत हाडाला बारीक चीर निघाली. मला खालच्या बॅचमध्ये टाकलं. माझ्या स्क्वॉडची कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची परेड, मी मैदानाच्या कडेला उभा राहून बघितली. वडिलांना एसटीडीवरून एवढंच सांगितलं होतं, "या वेळी येऊ नका."

म्हणून सांगतो, मातीवर पळ. शेताच्या वाटेनं, शाळेच्या मैदानावर, कुठेही, पण माती हवी. आठवड्यात एक दिवस सुट्टी घेच. यवतेश्वरचा घाट चढायला उत्तम, उतरताना मात्र चालत ये, गुडघे तिथेच जातात. शेवटच्या दोन महिन्यांत पाठीवर पाच-सहा किलोची पिशवी बांधून लांब चाल, म्हणजे पिट्टूची (फौजेतल्या पाठीवरच्या पिशवीची) सवय होईल. जाड तळव्याचे बूट आत्ताच घे आणि ते घालून चाल. नडगी दुखली तर त्याच दिवशी थांब आणि सांग. लपवण्यात मर्दपणा नाही.

अकॅडमीची फी भरण्याआधी एखाद्या डॉक्टरकडून गुडघे भिडतात का, तळवा सपाट आहे का, कान आणि रंग ओळखण्याची नजर तपासून घे. सगळं करून मेडिकलला बाद झालेली पोरं मी पाहिलीत, त्यांचं तोंड बघवत नाही. आणि हिंदी बोलायची सवय कर. हुकूम हिंदीत असतात, आपली पोरं पहिला महिना बुजून गप्प बसतात. लेखी परीक्षा आता मैदानाच्या आधी होते, त्यामुळे गणित आणि सामान्यज्ञान रोज तासभर. आपला जिल्हा कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडे येतो, तारखा अधिकृत साइटवरच बघ, एजंटाला एक रुपया देऊ नकोस.

राहिली आई. एक दिवस तिला घेऊन आपल्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावी जा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसं कामी आली, त्यांची आठवण म्हणून तिथं स्तंभ आहे. तिथल्या बायकांशी तिला बोलू दे, ज्यांची पोरं आज फौजेत आहेत त्यांच्याशी. तू मध्ये बोलू नकोस. मग ती काय म्हणते ते ऐक.