हमीचा काळ कोणत्या दिवसापासून मोजायचा?

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

चिंचोळी एमआयडीसीतून तू पाठवलेले लष्करी पंपसंचांचे टेंडर मी दोनदा वाचले. दराच्या तक्त्यावर तू पेन्सिलीने भरपूर आकडेमोड केली आहेस; हमीच्या कलमाशेजारी मात्र एकही खूण नाही, म्हणून हे पत्र त्या एका कलमापुरतेच लिहितो.

हमी किती महिन्यांची हे सगळेच पाहतात, पण ती कोणत्या दिवसापासून मोजायची याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. संरक्षण खात्याच्या २००९ च्या खरेदी नियमावलीतील नमुना कलमानुसार माल पोहोचल्यावर होणाऱ्या संयुक्त तपासणीत (जॉइंट रिसीट इन्स्पेक्शन, म्हणजे आपण जिला जेआरआय म्हणतो ती) तो स्वीकारल्याची तारीख आणि यंत्र बसवून चालू केल्याची तारीख यांपैकी जी नंतरची असेल, तिथून हमी सुरू होत असे. माल कारखान्यातून निघाल्याच्या तारखेला तिथे काहीच किंमत नव्हती. तू इंजिन मात्र बाहेरून घेणार, आणि इंजिनवाल्याची हमी बहुधा त्याच्या बिलाच्या तारखेपासून धावते. जुळणी, चाचणी, वाहतूक आणि डेपोतली तपासणी यांत पाच महिने गेले, तर अखेरचे पाच महिने त्या इंजिनाची जबाबदारी एकट्या तुझ्यावर राहील.

मी नोकरीत असताना आमचे काही संच पाया तयार नसल्यामुळे सात महिने ताडपत्रीखाली पडून होते. हमीचा खर्च आम्ही रवानगीपासून धरला होता. पुढे सील आणि बेअरिंग बदलण्याचा सारा भुर्दंड आमच्याच अंगावर आला. कलम मी वाचले होते, पण ‘नंतरची’ या शब्दावर थांबलो नव्हतो. तेव्हा इंजिनाची ऑर्डर देण्यापूर्वीच त्याची हमी तुझी हमी सुरू होण्याच्या दिवसापासून मोजली जाईल असे लेखी घे, आणि तो ऐकत नसेल तर त्या महिन्यांचा खर्च दरात धर.

त्याच नमुना कलमात दोष कळवल्यापासून ४५ दिवसांत दुरुस्ती किंवा बदली विनामूल्य करून देण्याची अट होती आणि यंत्र जितके दिवस बंद, तितकी हमी पुढे सरकत असे. बंद दिवसांची नोंद लॉगबुकात वापरणाराच ठेवतो. म्हणून तुझा माणूस दुरुस्तीला गेला की यंत्र पुन्हा चालू झाल्याची तारीख घालून सही घेतल्याशिवाय त्याने परतू नये. यंत्र माहितीपुस्तिकेप्रमाणे वापरले असेल तरच हमी लागू होते, हा तुझ्या बाजूचा आधार आहे. पण पुस्तिकाच मोघम असेल, तर तो आधार कुठे सापडणार? हमीच्या काळाच्या किती टक्के बंद काळ चालेल आणि त्यापुढे संपूर्ण संच किती दिवसांत बदलून द्यायचा, या जागा त्या नमुन्यात रिकाम्या असत. तिथे खरेदीदाराने भरलेला आकडा शोध. १ नोव्हेंबर २०२५ पासून नवी नियमावली लागू झाली आहे, तेव्हा माझ्या आठवणीपेक्षा तुझ्या टेंडरात छापलेले शब्द प्रमाण मान.

तपासणीत माल पास झाला की आपण सुटलो, असे कारखान्यात अनेकांना वाटते. तसे नसते, पास झालेल्या मालातला दोष हमीच्या काळात निघाला, तरी तो तुलाच निस्तरावा लागतो.

आता पैशांचे. लघुउद्योग म्हणून तुला बोलीसोबत भरायच्या बयाणा रकमेत सूट मिळेल, परंतु करार नीट पार पाडण्याच्या खात्रीसाठी द्यायची कामगिरीची बँक गॅरंटी वेगळी असते, आणि सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे ती हमीसह सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यानंतर आणखी ६० दिवस जिवंत ठेवावी लागते. तेवढा काळ बँकेत तुझी मार्जिनची रक्कम अडकते आणि कमिशनही चालू राहते. अमेरिकेत मोठ्या शस्त्रप्रणालींसाठी १९८० च्या दशकात कायद्याने हमी सक्तीची केली होती आणि मोजलेल्या पैशांच्या मानाने लाभ तुटपुंजा, म्हणून १९९७ मध्ये ती सक्ती काढून टाकली. हमी फुकट नसते हे तिथल्या खरेदीदारालाही उशिरा कळले. तू विक्रेता आहेस, तुला ते दर लिहिण्याआधी कळायला हवे.

बोलीपूर्व बैठकीत विचारायचे प्रश्न लेखी तयार कर आणि रविवारी टेंडरची प्रत घेऊन घरी ये. सकाळी दहापर्यंत आलास तर बरे. उन्हे तापली की मला कागद वाचवत नाही.

तुझा,
काका