आधी कीर्द, मग खतावणी

दर जानेवारीला हौसेनं डायरी घेता, संक्रांतीपर्यंत लिहिता आणि पुढे ती कोरीच राहते. फोनमध्ये तीन-तीन अ‍ॅप असूनही सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख हुकली. मग वहीवर घर चालवता येईल का, आणि कसं, असं तुम्ही विचारलंय. मी १९ वर्षं वहीवरच घर चालवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती छापील तारखांची डायरी बाजूला ठेवा. ज्या दिवशी काहीच घडलं नाही त्या दिवसाचं पान कोरं जातं, आणि ज्या दिवशी गॅस संपला, प्लंबर आला, मुलाची सहल ठरली त्या दिवशी जागा पुरत नाही. चार पानं कोरी गेली की पाचव्या दिवशी डायरी उघडायचं मनच होत नाही. हा दोष त्या आखणीचा आहे, उगीच स्वतःला आळशी म्हणू नका. साधी एकरेघी वही घ्या आणि तारीख आपल्या हातानं घाला. आठ दिवस खंड पडला तरी शेवटच्या ओळीखाली आजची ओळ येते.

आता मुख्य गोष्ट. माझे वडील पुण्यात भवानी पेठेत एका भुसार पेढीवर दिवाणजी, म्हणजे हिशेब लिहिणारे, होते. पेढीवर दोन वह्या असत. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमानं कीर्दीत जायचं. मग सवडीनं त्यातली एकेक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढायची. शाळेत वाणिज्य शाखा घेतलेल्यांना कीर्दीतला ‘खा. पा.’ हा अरुंद रकाना आठवत असेल. खा. पा. म्हणजे खाते पान. रक्कम खतावणीत चढली की त्या पानाचा आकडा इथे पडायचा. वडील संध्याकाळी त्या रकान्यावरून नुसतं बोट फिरवायचे. जिथे आकडा नाही ते काम राहिलेलं, हे त्यांना वाचावंही लागत नसे.

घराच्या वहीला मी हेच लावलं. २०० पानी वही, सगळ्या पानांना आकडे घातलेले. पुढून कीर्द, मागून खतावणी. प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला बोटभर जागा सोडून उभी रेघ, तोच खा. पा.चा रकाना. एखाद्या दिवसाची कीर्द अशी दिसते:

‘गच्चीवरचा पाइप ठिबकतो, प्लंबर उद्या ९ला. आई: संध्याकाळची गोळी अर्धी केली, डॉक्टरांनी सांगितलं. सहलीचे ४०० रु., शुक्रवारच्या आत. वाण्याकडे २३५ बाकी.’

चार ओळी, जशा सुचल्या तशा. विषय वेगळे करायचे नाहीत, अक्षर सुंदर काढायचं नाही. ओट्याशी उभ्यानं लिहिता आलं पाहिजे. रविवारी सकाळी चहा झाला की अर्धा तास बसायचं. गोळीची नोंद मागे पान १९१ वर, ‘आईची औषधं’ या खात्यात तारखेसकट उतरवायची आणि कीर्दीत तिच्यासमोर १९१ लिहायचं. पाइपची नोंद ‘घरदुरुस्ती’त, प्लंबरनं किती घेतले त्यासह. सहलीचे पैसे भरून झाले, त्याचं पुढे काही ठेवायचं नाही, तिथे नुसती फुली. काम राहिलं असेल तर रकाना रिकामाच ठेवायचा. पुढच्या रविवारी तो रिकामा चौकोन आपोआप नजरेत येतो.

याची खरी किंमत मला दोन वर्षांपूर्वी कळली. रात्री अकराला आईला चक्कर आली, आम्ही तिला घेऊन दवाखान्यात धावलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, रक्तदाबाची गोळी कधीपासून आणि किती? भाऊ म्हणाला महिना झाला, मला वाटत होतं दोन आठवडे. पिशवीतून वही काढून १९१ उघडलं. १७ ऑगस्टला पाऊण झालेली गोळी, ५ सप्टेंबरला अर्धी, त्याखाली घरी मोजलेल्या रक्तदाबाचे आकडे. डॉक्टरांनी पान दोनदा वाचलं आणि केसपेपरवर उतरवून घेतलं. त्या घाईत फोनमधलं काही सापडलं असतं असं मला वाटत नाही.

बुलेट जर्नल, म्हणजे वहीत थोडक्यात नोंदी ठेवायची पद्धत, तुम्ही पाहिलीच असेल. रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये ती पद्धत लोकांसमोर मांडली. अनुक्रमणिका, पानांचे आकडे, राहिलेलं काम पुढे ओढणं हे तिच्यातही आहे आणि ते उत्तमच आहे. पण रंगीत पट्ट्या आणि चित्रं काढायच्या नादी सुरुवातीला लागू नका. तुमच्यासारखी हिंजवडीहून साडेआठला घरी येणारी बाई पान सजवायला बसली तर त्या दिवशी नोंद राहूनच जाईल.

खतावणीत एक खातं बारा महिन्यांचं ठेवा, महिन्याला तीन-चार ओळी. मुदतीच्या आत मिळकतकर भरला की पालिकेची सवलत मिळते, तो एप्रिलच्या रकान्यात लिहा, म्हणजे धावपळ होत नाही. जुलैत आयकराचं विवरणपत्र, मग गाडीचा विमा, पीयूसी, सोसायटीचं वर्गणीचं बिल. दूध आणि सिलिंडर मात्र भिंतीवरच्या कालनिर्णयवरच राहू दे. तिथे सगळ्या घराचा हात पोचतो, ते वहीत आणलं तर सगळं तुमच्या एकटीच्या गळ्यात पडेल.

फोन टाकून द्यायचा नाही. जे ठरल्या वेळी वाजायला हवं ते फोनमध्येच: औषधाचा गजर, डॉक्टरांची वेळ. पासवर्ड आणि पिन वहीत कधीही नाही, वही बसमध्ये राहू शकते.

वही अप्पा बळवंत चौकात जाऊन हातात घेऊन निवडा. शिलाईची बांधणी बघा, ती उघडून सपाट राहते. पिना मारलेली वही मधोमध फुगते आणि चार महिन्यांत पानं सुटतात. आपलं नेहमीचं पेन सोबत न्या आणि दुकानदाराला विचारून शेवटच्या पानावर एक ओळ लिहून बघा, शाई मागे उतरली तर दुसरी घ्या. ए-५ आकार, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, ऑफिसच्या पर्समध्ये बसतो. मोठं लाँगबुक घरीच राहतं आणि नोंदी चिठ्ठ्यांवर जातात.

पहिल्याच पानावर आजची तारीख घाला आणि सासूबाईंची हुकलेली तपासणी लिहा. नवी वेळ मिळेपर्यंत समोरचा रकाना रिकामा ठेवा.