घटस्फोट आणि पैशांचे व्यवहार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घटस्फोटाविषयी येणाऱ्या पत्रांत त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा असतात आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ नातेवाइकांच्या ऐकीव सल्ल्यात असते. खालील उत्तरे हिंदू विवाह कायदा, १९५५ ज्यांना लागू आहे त्यांच्यापुरती आहेत. इतरांनी आपल्या कायद्याची वकिलांकडून स्वतंत्र खात्री करून घ्यावी.

प्रश्न : आम्ही स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून नोटरीही केली. दुसरे लग्न करता येईल का?

नाही. न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय तुमचे लग्न कायम आहे. काही समाजांत फारकतीची रूढी कायद्याने मान्य असली, तरी ती पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते.

प्रश्न : एका सल्लागाराने महिनाभरात परस्पर संमतीच्या घटस्फोटाची हमी दिली आहे. खरे मानावे का?

निकालाची हमी देणाऱ्यापासून दूर राहा. कलम १३ब नुसार अर्जापूर्वी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिन्यांचा कालावधी असतो. हे सहा महिने माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. मात्र ही माफी पॅकेजमध्ये विकत मिळत नाही, परिस्थिती पाहून न्यायाधीश ती देतात किंवा नाकारतात.

प्रश्न : घटस्फोटानंतर पतीच्या नावावरील निम्मी मालमत्ता आपोआप मिळते का?

मिळत नाही. पोटगी ठरवताना पतीची मालमत्ता विचारात घेतली जाते, एवढेच.

प्रश्न : घर दोघांच्या नावावर, कर्जही दोघांचे. घटस्फोटाच्या अटींत ‘हप्ते पती भरेल’ असे लिहिले होते. आता बँकेची नोटीस मला आली आहे. हे कसे?

ही चूक मी इतक्या वेळा पाहतो की थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. हुकूमनामा तुम्हा दोघांमधला आहे. बँक त्यात पक्षकार नव्हती. कर्जाच्या करारावर सही करताना दोघांनीही संपूर्ण रकमेची जबाबदारी संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे स्वीकारलेली असते, त्यामुळे हप्ता थकला की बँक दोघांपैकी कोणाकडेही मागणी करू शकते आणि सिबिल स्कोअर दोघांचाही घसरतो. ‘घराचा प्रश्न आपसांत मिटवला आहे’ अशा एका ओळीवर लोक सह्या करून मोकळे होतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. तडजोडीच्या अटींत कर्जखात्याचा क्रमांक, शिल्लक रक्कम, कर्ज कोणत्या तारखेपर्यंत एकाच्या नावावर होणार, हक्कसोडपत्राची नोंदणी कधी होणार, तिचा खर्च कोण करणार आणि यांतले काही चुकल्यास पुढे काय, हे सगळे आले पाहिजे. उरणाऱ्या कर्जदाराचे एकट्याचे उत्पन्न बँकेला पुरेसे वाटले नाही, तर ती दुसऱ्याचे नाव काढणार नाही. म्हणून बँकेचे लेखी संमतीपत्र हातात आल्याशिवाय न्यायालयात घटस्फोटाला संमतीचा अंतिम जबाब देण्याची घाई करू नये. हुकूमनामा होण्यापूर्वी घटस्फोटाला दिलेली संमती मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केलेले आहे, तेव्हा ‘आता फार उशीर झाला’ या दडपणाला बळी पडण्याचे कारण नाही. तुमच्यापुरते सांगायचे तर नोटिशीला वकिलांमार्फत मुदतीत उत्तर द्या आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करण्याविषयी त्यांच्याशी याच आठवड्यात बोला.

प्रश्न : मी नोकरी करते. मला पोटगी मागता येते का?

येते, नोकरी आहे एवढ्यावरून हक्क जात नाही आणि कलम २४ व २५ खाली पतीही पोटगी मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निर्णयानुसार दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात उत्पन्न लपवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो सल्लागार बदला.

प्रश्न : पोटगीवर आयकर लागतो का?

दरमहा मिळणारी रक्कम उत्पन्न धरली जाते. एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची असल्याने करपात्र नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे. रोख रकमेऐवजी शेअर किंवा घर मिळणार असेल, तर सही करण्यापूर्वीच सनदी लेखापालांना विचारा.

प्रश्न : माझे दागिने सासरच्यांच्या लॉकरमध्ये आहेत. ते त्यांचे झाले का?

नाही. स्त्रीधन तुमचेच आहे. पावत्या आणि लग्नातील छायाचित्रे जमवून वकिलांना भेटा.

प्रश्न : वकिलाची फी परवडत नाही.

स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करा.