मित्राने स्वतः रचलेल्या गाण्यावर अभिप्राय कसा द्यावा?

सांगलीतील आपल्या मित्राने स्वतः रचून घरीच ध्वनिमुद्रित केलेले गाणे पाठवले आहे आणि त्याचे मन न दुखावता खरे कसे सांगावे, असे आपण विचारले आहे. गाणे कच्चे आहे की प्रकाशनाच्या उंबरठ्यावर, हे आधी त्यालाच विचारावे. कच्च्या मुद्रणात चाल व शब्दांवर बोलणे उपयोगाचे असते, तर अखेरच्या टप्प्यावर चाल बदलायला सांगणे बहुधा व्यर्थ ठरते. हेडफोनवर आणि मोबाइलच्या स्पीकरवरही ऐकावे, कारण छोट्या स्पीकरवर बेस जवळजवळ नाहीसा होतो. ‘मजा आली नाही’ असे न लिहिता ‘१ मिनिट १२ सेकंदांवर गिटारमुळे अंतऱ्याचे शब्द झाकले जातात’ असे लिहावे. आवडलेली जागाही तितक्याच नेमकेपणाने सांगावी. नुसते ‘वा, छान’ म्हणणारे त्याला पुष्कळ भेटले असतील. मिरजेच्या तंबोऱ्यासोबत कीबोर्ड वाजवला असेल, तर कीबोर्डचा शुद्ध गंधार किंचित चढा वाटेल, कारण तो तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू (तारेच्या झंकारातून आपोआप ऐकू येणाऱ्या) गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे कीबोर्डच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग) वर असतो. हा दोष गायकाच्या माथी मारू नये.