ओर्कांच्या कैदेवरचा माहितीपट पाहून मत इतक्या लवकर का पालटतं?

तुम्ही विचारलंय, ‘ब्लॅकफिश’ हा सीवर्ल्ड या अमेरिकी कंपनीच्या सागरी पार्कांतल्या ओर्कांवरचा (डॉल्फिन कुळातले ‘किलर व्हेल’) माहितीपट पाहिल्यावर दीड तासात तुमचं मत फिरलं, तर ते तुम्हाला पटलं की पटवण्यात आलं? मी नागपुरात विद्यार्थ्यांना माहितीपट दाखवून त्यावर चर्चा घेते. माझ्या मते पटवण्यात आलं, पण खऱ्या गोष्टींच्या जोरावर.

२०१३ च्या या माहितीपटाची ताकद साक्षीदारांच्या निवडीत आहे. नुसते प्राणिमित्र कार्यकर्ते बोलले असते, तर आपण आधीच सावध झालो असतो. इथे बोलतात ते ओर्कांना स्वतःच्या हातानं मासे भरवणारे माजी प्रशिक्षक. त्याहून जड जातो तो म्हातारा पाणबुड्या. १९७० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह इथे ओर्कांची पिल्लं पकडण्याच्या कामावर तो होता. मेलेल्यांची पोटं फाडून, त्यात दगड भरून त्यांना बुडवायला लावलं, हे सांगताना त्याचा गळा दाटून येतो. ज्यानं ते काम केलं तोच इतका हेलावलाय म्हटल्यावर वाद घालायचा कुणाशी?

मग संकलनाची करामत. पार्कचे कर्मचारी सांगतात, ओर्का २५ ते ३५ वर्षं जगतात. लगेच पुढे संशोधक येतात आणि ते खोडून काढतात. खोटं रंगेहाथ पकडल्याचं समाधान मिळतं आणि तिथून पुढे आपण कंपनीचा एकही शब्द खरा मानत नाही. निसर्गात मादी ८०-९० वर्षांपर्यंत जगू शकते, हे खरंच आहे. पण पटतं ते आकड्यापेक्षा त्या क्रमामुळे.

दुसरी बाजू अगदी थोडी येते. सीवर्ल्डनं मुलाखत नाकारली. कैदेचं समर्थन करणारा एक माजी प्रशिक्षक आहे, पण त्याच्या वाट्याला वेळ कमी. मुलाखती दिलेल्या माजी प्रशिक्षकांपैकी काहींनी नोकरी फार पूर्वीच सोडली होती, हा कंपनीचा नंतरचा आक्षेप दखल घेण्याजोगा आहे. तरी माहितीपट ज्याच्याभोवती फिरतो त्या टिलिकम या नर ओर्काला १९८३ मध्ये आइसलँडजवळ पिल्लू असताना पकडलं आणि पुढे तीन माणसांच्या मृत्यूशी त्याचा संबंध आला, या नोंदी त्या आक्षेपानं पुसल्या जात नाहीत. मार्च २०१६ मध्ये कंपनीनं ओर्कांचं प्रजनन थांबवत असल्याचं जाहीर केलं. भारतानं मात्र डॉल्फिनच्या खेळांना मे २०१३ मध्येच मनाई केली होती, माहितीपट अमेरिकेत चित्रगृहांत लागण्याआधी.

अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या नागपूरकरांचं समुद्रात काहीच अडकलेलं नाही, म्हणून आपण चटकन ओर्काच्या बाजूनं होतो. तेच वाघाचं निघू द्या. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात नरभक्षक ठरवलेल्या अवनी वाघिणीला गोळी घातली, तेव्हा शहरातले हळहळले आणि पांढरकवड्याकडच्या गावांनी सुटकेचा श्वास सोडला. नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यात असलेल्या वाघावर असाच एकतर्फी माहितीपट आला, तर जंगलालगतच्या गावांतून आलेले माझे विद्यार्थी पहिल्याच दृश्याला विचारतील, ‘मॅडम, आमच्या गावातल्या कोणाला का नाही विचारलं?’ हाच प्रश्न ‘ब्लॅकफिश’लाही विचारा. माझं मत त्यानंतरही कैदेच्या विरोधातच राहिलं.